दाद ना फिर्याद : नगरसेवकाचे वर्तन तपासायचे कुणी?

नगरसेवकाने लाच घेतली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. जातीचे प्रमाणपत्र खोटे निघाले, दोनपेक्षा अधिक अपत्ये झाली, सरकारी जागेवर अतिक्रमण सापडले तर पद जाते. पण त्याने भर सभेत सहकारी महिला सदस्याला हिणवले, पाणीपुरवठा विभागाच्या कर्मचाऱ्याला सगळ्यांदेखत शिवीगाळ केली, एखाद्या मोहल्ल्याचे काम निघाल्यावर तिथल्या लोकांचा धर्म काढला, तर दाद कुठे मागायची?

पोलिसांत जा, असे उत्तर मिळते. गुन्हा म्हणावा इतके गंभीर काही घडले असेल तर पोलीस आहेतच. मात्र गुन्हा आणि ‘काहीच झाले नाही’ यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा आहे. लोकप्रतिनिधीचे बहुतेक वाईट वर्तन याच जागेत घडते. ते फौजदारी नसते म्हणून चालून जाते, आणि चालून जाते म्हणून वाढत जाते. या जागेवर कायद्याचा पहारा बसवता येतो का, हा या लेखाचा विषय आहे. येतो, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी मी वेल्सचे उदाहरण घेतो आहे. तिथली व्यवस्था निर्दोष नाही. पण जिथे ती चुकते, तिथेही आपल्याला शिकण्यासारखे आहे.

आधी शब्दाची गफलत दूर करू. ओम्बड्समन म्हणजे लोकपाल, असे आपण भाषांतर करतो. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी १९६३ साली संसदेत हा शब्द आणला. २०११ च्या आंदोलनानंतर लोकपाल म्हणजे भ्रष्ट मंत्र्याला पकडणारा सुपरपोलीस, अशी प्रतिमा घट्ट बसली. मुळात ओम्बड्समनचे काम त्याहून साधे आणि रोजच्या जगण्याच्या जवळचे आहे. सरकारी यंत्रणेने नागरिकाला नीट वागवले की नाही, हे तटस्थपणे तपासणे, एवढेच ते काम. वेल्समध्ये याच पदाकडे आणखी एक जबाबदारी सोपवली आहे. स्थानिक कौन्सिलच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आचारसंहिता मोडल्याच्या तक्रारीही तिथला ओम्बड्समन तपासतो. आपल्याकडे आचारसंहिता म्हटले की निवडणुकीच्या काळातली आठवते, निकाल लागला की संपणारी. वेल्समधली आचारसंहिता निकाल लागल्यावर सुरू होते.

वेल्समध्ये तक्रारीचे काय होते?

वेल्समध्ये २२ मोठी कौन्सिले आहेत आणि त्याखाली सातशेहून अधिक टाउन आणि कम्युनिटी कौन्सिले. ही खालची कौन्सिले साधारण आपल्या ग्रामपंचायतींसारखी समजा. निवडून आलेल्या प्रत्येक सदस्याला आचारसंहिता पाळण्याची लेखी हमी द्यावी लागते, त्याशिवाय त्याला काम करता येत नाही. या संहितेचा नमुना २००८ साली कायद्याने ठरवून दिला आणि २०१६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. धर्म, वंश, लिंग, अपंगत्व, वय किंवा लैंगिकता न पाहता सर्वांना समान संधी मिळावी, हे भान ठेवून काम करायचे. इतरांशी आदराने वागायचे. कुणाला धाकदपटशा किंवा छळ करायचा नाही. आणि पदाची किंवा कौन्सिलची अप्रतिष्ठा होईल असे वागायचे नाही. हा शेवटचा नियम सदस्य सभागृहाबाहेर, खासगी आयुष्यात असतानाही लागू आहे.

तक्रार कुणीही नागरिक करू शकतो. ओम्बड्समन तिला दोन चाळण्या लावतो. पहिली, संहिता मोडल्याचा थेट पुरावा आहे का? ऐकीव गोष्ट चालत नाही. दुसरी, तपास करणे जनहिताचे आहे का? इथे वर्तन किती गंभीर होते, सदस्याने पदाचा गैरवापर केला का, स्वतःचा फायदा पाहिला का, पूर्वीही असे वागला होता का, हे पाहिले जाते. वर्तनामागे समोरच्याचा धर्म, वंश किंवा लिंग यांबद्दलचा भेदभाव होता का, हाही याच यादीतला एक निकष आहे. तो मुद्दाम सांगतो. शब्द कडू होता की गोड, एवढ्यावर तिथे थांबत नाहीत. तो शब्द कुणाला, कशासाठी वापरला, हेही विचारतात.

दोन्ही चाळण्यांतून तक्रार पार पडली तर तपास होतो आणि त्याचे चारच शेवट संभवतात. संहिता मोडल्याचा पुरावा नाही. मोडली असेल, पण पुढे कारवाईची गरज नाही. प्रकरण त्या कौन्सिलच्या स्टँडर्ड्स कमिटीकडे पाठवायचे. किंवा फारच गंभीर असेल तर ‘अॅडज्युडिकेशन पॅनेल फॉर वेल्स’ या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे पाठवायचे. म्हणजे ओम्बड्समन स्वतः कुणाला शिक्षा देत नाही. तो शोधतो, मांडतो आणि बाजूला होतो. निवाडा दुसरे करतात. स्टँडर्ड्स कमिटीत निम्मे किंवा त्याहून अधिक सदस्य राजकारणाबाहेरचे असावे लागतात आणि अध्यक्षही त्यांच्यातलाच असतो. ती कमिटी सदस्याला समज देऊ शकते किंवा सहा महिन्यांपर्यंत निलंबित करू शकते. न्यायाधिकरण एक वर्षापर्यंत निलंबन आणि पाच वर्षांपर्यंत अपात्रता, इतके पुढे जाऊ शकते. त्यावर परवानगी घेऊन हायकोर्टात जाता येते.

या रचनेत दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. तपास करणारा आणि न्याय देणारा एक नाही, आणि दोघेही सत्ताधारी पक्षाचे नाहीत. दुसरे, शिक्षेला पायऱ्या आहेत. समज, काही आठवड्यांचे निलंबन, काही महिन्यांचे, मग अपात्रता. चुकीच्या मापाने शिक्षा मोजायची सोय आहे.

‘मतदार बघून घेतील’

या व्यवस्थेला पहिला विरोध लोकशाहीच्या नावाने होतो. निवडून आलेल्या माणसाचा न्याय निवडून न आलेल्या अधिकाऱ्याने का करावा? पाच वर्षांनी मतदार बघून घेतील की! ऐकायला हे छान वाटते. शेजारच्या इंग्लंडने याच तर्काने २०११ चा लोकॅलिझम अॅक्ट केला. २०१२ मध्ये तिथले राष्ट्रीय स्टँडर्ड्स मंडळ बंद झाले. आता प्रत्येक कौन्सिल आपल्या सदस्यांची तक्रार आपणच पाहते. एका ‘स्वतंत्र व्यक्ती’चे मत विचारात घ्यावे लागते, पण सदस्याला निलंबित करण्याचा अधिकारच कौन्सिलकडे उरलेला नाही. इंग्लंडचा स्थानिक प्रशासन ओम्बड्समन तक्रार हाताळण्याची पद्धत बरोबर होती का, एवढेच पाहू शकतो. सदस्य चुकला की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही. आणि पॅरिश कौन्सिले, म्हणजे तिथली गावपातळी, त्याच्या कक्षेतच येत नाहीत.

याचा परिणाम सगळ्या जगाने एका व्हिडिओत पाहिला. हँडफोर्थ नावाच्या पॅरिश कौन्सिलची डिसेंबर २०२० मधली ऑनलाइन बैठक फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हायरल झाली. सदस्य एकमेकांवर ओरडत आहेत, बैठक चालवायला आलेल्या बाईंना ‘तुम्हाला इथे अधिकार नाही’ म्हणून दटावत आहेत, आणि त्या एकेकाला बैठकीतून बाहेर काढत आहेत. लोक पोट धरून हसले. पुढचा भाग कमी हसण्यासारखा आहे. वरच्या कौन्सिलने केलेल्या चौकशीचा खर्च सुमारे ८५ हजार पौंड झाला. संहिता मोडल्याचा निष्कर्ष निघाला, पण हातात शिफारशींपलीकडे काही नव्हते. सार्वजनिक जीवनातील नीतिमूल्यांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या समितीने जानेवारी २०१९ मध्येच सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार परत द्या असे सांगितले होते. मार्च २०२२ मध्ये सरकारने ते नाकारले. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने याच मुद्द्यावर पुन्हा लोकांची मते मागवली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

पण माझा आक्षेप खर्चाच्या पलीकडचा आहे. ‘मतदार बघून घेतील’ हा युक्तिवाद ज्याची संख्या जास्त आहे त्यालाच परवडतो. एखाद्या प्रभागात शंभरात दहा घरे मुसलमानांची, किंवा पारध्यांची, किंवा परप्रांतीय मजुरांची असतील, तर त्या दहा घरांचा अपमान करून नगरसेवकाची मते घटत नाहीत. उलट कधी कधी वाढतात. मग मतपेटीने त्याला शिक्षा कशी द्यायची? मतपेटी बहुमत मोजते, अपमान मोजत नाही. तिचे ते कामच नाही. आणि मतपेटीही वेळेवर येईलच असे नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे तिथे प्रशासक होता. ज्या काठीने मारायचे ती काठीच दुसऱ्याच्या कपाटात!

मी ज्या तालुक्याच्या गावात वाढलो तिथली एक गोष्ट सांगतो. नगरपरिषदेच्या सभेत कब्रस्तानाच्या संरक्षक भिंतीचा विषय होता. पावसाळ्यात नाल्याचे पाणी आत शिरून कबरी खचत होत्या. आमच्या प्रभागातल्या नगरसेविकेने फोटो आणले होते. त्या उभ्या राहून बोलू लागताच समोरच्या बाकावरून एक सदस्य म्हणाले, ‘जिवंतपणी जागा दिली ती पुरेना, आता मेल्यावरही भिंत पाहिजे?’ सभागृहात हशा पिकला. बाई खाली बसल्या. इतिवृत्तात फक्त ‘विषय तहकूब’ अशी नोंद झाली. आम्ही चारपाच जण अर्ज घेऊन अधिकाऱ्यांना भेटलो. ते सज्जन होते, त्यांनी चहाही पाजला. म्हणाले, ‘सभागृहातले बोलणे आहे, मी काय करणार? मला त्यांच्याच हाताखाली काम करायचे आहे.’ त्यांचे चुकले, असे मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे खरेच काही नव्हते. त्या सदस्याने गुन्हा केला होता का? बहुधा नाही. त्याने पदाला शोभेल असे वर्तन केले होते का? तेही नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून देणारे कुणीच नव्हते. भिंत पुढे तीन वर्षांनी झाली. ते वाक्य मात्र गावात आजही विनोद म्हणून सांगितले जाते.

प्रत्येक कडू शब्दासाठी तक्रार?

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्या माणसांना रुचणार नाही. अशी संस्था उद्या इथे आली तर पहिल्याच महिन्यात तिच्या दारात आमच्याही शंभर तक्रारी पडतील. अमुक नगरसेवकाने लाउडस्पीकरवर टीका केली, तमुकने मदरशाच्या परवानगीवर प्रश्न विचारला, फलाण्याने पोस्ट टाकली. मन दुखावले म्हणजे नियम मोडला, हा समज आपल्याकडे सगळ्याच समाजांत घट्ट आहे आणि आपण त्याला अपवाद नाही. म्हणूनच वेल्समधले दोन निकाल वाचण्यासारखे आहेत.

मॅनॉर्बिअर या छोट्या कम्युनिटी कौन्सिलचे सदस्य माल्कम कॅल्व्हर आपल्या वेबसाइटवर सहकाऱ्यांची आणि कौन्सिलच्या कारभाराची खिल्ली उडवत. स्टँडर्ड्स कमिटीने त्यांना दोषी धरले, न्यायाधिकरणाने ते कायम केले. २०१२ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. राजकीय भाषणाला जास्त संरक्षण असते, कौन्सिल कशी चालते यावरची उपहासात्मक टीकाही राजकीय भाषणच आहे, आणि राजकारणात आलेल्या माणसाची कातडी थोडी जाड असायला हवी, असा त्याचा अर्थ. खिल्ली ही बेअदबी नव्हे.

दुसरे प्रकरण फ्लिंटशायर कौन्सिलचे पॅट्रिक हीसम यांचे. कौन्सिलच्या अधिकाऱ्यांशी धाकदपटशाने, अपमानास्पद वागल्याच्या अनेक तक्रारी होत्या. न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये त्यांना अडीच वर्षांसाठी अपात्र केले. २०१४ मध्ये हायकोर्टाने बहुतेक निष्कर्ष कायम ठेवले, पण शिक्षा दीड वर्षावर आणली. कोर्टाने रेघ नीट ओढली. राजकीय सहकारी उलट उत्तर देऊ शकतो. नोकरी करणारा अधिकारी तसे करू शकत नाही. म्हणून त्याला अधिक संरक्षण हवे. पण अधिकाऱ्याच्या कामावर कठोर टीका करण्याचा सदस्याचा हक्कही शाबूत राहिला पाहिजे.

तिसरे उदाहरण इंग्लंडमधले, जुन्या व्यवस्थेच्या काळातले. लंडनचे तत्कालीन महापौर केन लिव्हिंग्स्टन यांनी २००५ साली एका कार्यक्रमातून बाहेर पडताना एका ज्यू पत्रकाराची तुलना छळछावणीच्या पहारेकऱ्याशी केली. तो पत्रकार आपण ज्यू आहोत असे सांगत असतानाही ते थांबले नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांना चार आठवड्यांसाठी निलंबित केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने ते रद्द केले, कारण ते बोलले तेव्हा महापौर म्हणून काम करत नव्हते. आपल्यातल्या अनेकांना लिव्हिंग्स्टन आवडत, पॅलेस्टाइनबद्दल ते ठामपणे बोलत म्हणून. त्यामुळे हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. त्या पत्रकाराच्या जागी दाढी-टोपीतला एखादा तरुण असता, तर आपण काय म्हटले असते? ‘आपला तो बाब्या’ या न्यायाने संहिता चालत नाही. ती ज्यूंसाठी चालली पाहिजे, तेव्हाच मुसलमानांसाठी चालेल.

म्हणून मला हवी असलेली संस्था कडू शब्द पुसणारी नाही. कब्रस्तानाला निधी का द्यायचा, असा प्रश्न कुणी विचारला तर तो त्याचा हक्क आहे, मला तो कितीही लागला तरी. पण एका समाजाला या गावात जागा ‘दिली’ आहे, असे गृहीत धरून त्यांच्या प्रतिनिधीला बोलू न देणे, ही टीका नव्हे. ती पदाचा वापर करून माणसाला खाली बसवण्याची कृती आहे. ही रेघ ओढायला विवेक लागतो. तो विवेक पोलीस ठाण्यात किंवा मोर्च्यात सापडत नाही. त्यासाठी सावकाश, लेखी, कारणांसह निर्णय देणारी जागा लागते.

चाळणीत अडकणारे कोण?

वेल्सच्या या यंत्रणेची भलामण करून मी थांबलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिच्यात एक दुखणे आहे आणि ते त्या दुसऱ्या चाळणीत आहे. बहुसंख्य तक्रारी तपासापर्यंत पोचतच नाहीत. कागद पाहून त्या बंद होतात. ‘आदर’ या सदरातल्या छोट्या भांडणांना तर कौन्सिलने आपल्या पातळीवर समेट करावा म्हणून परत पाठवले जाते. याला कारण आहे. बहुतेक वर्षांत निम्म्याहून अधिक तक्रारी छोट्या कौन्सिलांच्या सदस्यांबद्दल असतात आणि त्यातल्या कितीतरी सदस्यांनी एकमेकांविरुद्धच केलेल्या असतात. गावातल्या भाऊबंदकीसाठी जनतेचा पैसा किती घालायचा, हा प्रश्न रास्त आहे.

पण ‘जनहित’ हा शब्द रबरासारखा आहे. श्रीमंत, शिकलेला तक्रारदार आपली हकीकत जनहिताच्या भाषेत मांडतो. रात्रपाळी करून आलेली, इंग्रजी अडखळत लिहिणारी बाई आपली हकीकत अपमानाच्या भाषेत मांडते. पहिल्याचा कागद पुढे सरकण्याची शक्यता जास्त. आणि इथे एक असमतोल आहे. दोषी ठरलेल्या सदस्याला अपील आहे, आधी न्यायाधिकरणात, पुढे हायकोर्टात. तक्रारदाराला मात्र निर्णयाचा फेरविचार त्याच कार्यालयाकडे मागावा लागतो, किंवा स्वतःच्या खर्चाने कोर्टाची पायरी चढावी लागते. ज्याला दार उघडायचे होते त्याच्यासाठी एकच दार, आणि ज्याच्याविरुद्ध ते उघडायचे त्याला तीन.

अंधारात चाळणी हलवणाऱ्या हातावर विश्वास लागतो, आणि २०२४ मध्ये तो विश्वासच हलला. ओम्बड्समनच्या कार्यालयात सदस्यांविरुद्धच्या तक्रारी हाताळणाऱ्या पथकातल्या एका जबाबदार कर्मचाऱ्याने समाजमाध्यमांवर एका पक्षाविरुद्ध शिवराळ मजकूर टाकल्याचे उघड झाले. तिला निलंबित केले गेले, पुढे तिने राजीनामा दिला. लोकांनी साहजिकच विचारले, मग आधीच्या निर्णयांचे काय? ओम्बड्समन मिशेल मॉरिस यांनी बाहेरच्या व्यक्तीकडून, जर्सी आणि गर्न्सी बेटांच्या स्टँडर्ड्स कमिशनर मेलिसा मॅककलो यांच्याकडून, जुन्या प्रकरणांची तपासणी करून घेतली. सप्टेंबर २०२४ च्या अहवालात निर्णयांत राजकीय पक्षपाताचा पुरावा आढळला नाही, असे म्हटले गेले आणि सुधारणाही सुचवल्या गेल्या.

काही जण यावरून म्हणतात, बघा, तटस्थ वगैरे काही नसते. मी उलट म्हणतो. कार्यालयाची अब्रू गेली तेव्हा त्याने जुनी दप्तरे तिऱ्हाइताच्या हाती दिली आणि अहवाल जाहीर केला. तटस्थ म्हणजे मत नसलेला माणूस नव्हे. तसा माणूस जन्माला यायचा आहे. तटस्थ म्हणजे ज्याचे काम दुसरा उघडून पाहू शकतो असा माणूस. आपल्याकडच्या किती चौकशी समित्यांची दप्तरे अशी उघडली गेली?

अभिमान पुरे, रचना पाहा

ओम्बड्समनचा विषय निघाला की आमच्यातले काही लोक एक गोष्ट हमखास सांगतात. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७०९ च्या पोल्ताव्हाच्या पराभवानंतर उस्मानी साम्राज्यात आश्रयाला होता आणि १७१३ साली तिथूनच त्याने आपल्या देशात ओम्बड्समन नेमण्याचा हुकूम काढला. तेव्हा ही कल्पना मुळात इस्लामी, असा निष्कर्ष निघतो आणि छाती फुगते. राजा तिथे होता, हुकूम तिथून निघाला, हे खरे. पण त्याने ती कल्पना कुणाकडून घेतली हे ठामपणे सांगण्यासारखे नाही आणि त्याने आपले पोटही भरत नाही.

त्यापेक्षा आपल्या परंपरेतल्या मजालिमच्या दरबाराकडे डोळसपणे पाहू. अकराव्या शतकातल्या अल-मावर्दीने आपल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. साध्या काझीपुढे बलदंड अधिकारी येत नसत, म्हणून त्यांच्या जुलमाची फिर्याद ऐकायला खुद्द खलिफा किंवा त्याचा माणूस बसे. कल्पना थोर होती. दोष एकच, पण मोठा होता. ज्या सत्तेने अधिकारी नेमला तीच त्याची फिर्याद ऐकत होती. खलिफा भला असेल तर इन्साफ, नसेल तर तमाशा. हजार वर्षांनंतर हाच दोष आपण महाराष्ट्रात जपून ठेवला आहे.

आपल्याकडे काय आहे?

ग्रामपंचायत सदस्याने कर्तव्यात गैरवर्तन केले किंवा लज्जास्पद वागला तर १९५८ च्या कायद्याच्या कलम ३९ खाली विभागीय आयुक्त त्याला काढू शकतात. त्यावर अपील राज्य सरकारकडे, म्हणजे व्यवहारात मंत्र्याकडे. नगरपरिषदेच्या अध्यक्षाला गैरवर्तनासाठी काढण्याचा अधिकार १९६५ च्या कायद्याने थेट राज्य सरकारला दिला आहे. म्हणजे तक्रार कुणाची आणि सदस्य कुठल्या पक्षाचा, यावर फाइलचा वेग ठरायला वाव आहे. फाइल चढली तर पद जाते, नाही चढली तर भिजत घोंगडे. मधली पायरीच नाही. समज नाही, महिनाभराचे निलंबन नाही, माफी नाही. फाशी नाहीतर निर्दोष, असा हा कायदा आहे.

रायगड जिल्ह्यातल्या उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांना राज्य सरकारने असेच काढले होते. रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड या प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. निवडून आलेल्याला काढणे हे त्याच्यावर आणि त्याला निवडणाऱ्यांवर गंभीर आघात करणारे पाऊल आहे, म्हणून कायद्याची चौकट काटेकोर पाळली पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा. कोर्टाने योग्य केले. पण त्याचा अर्थ समजून घ्या. आपल्याकडे हत्यार इतके जड आहे की ते उचलले तर अन्याय होतो आणि न उचलले तरी अन्याय होतो.

लोकायुक्त आहेत की, असे कुणी म्हणेल. १९७१ चा कायदा करून १९७२ पासून ही संस्था चालवणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, याचा अभिमान जरूर बाळगा. पण गैरकारभार आणि भ्रष्टाचार हे तिचे क्षेत्र. नगरसेवक माणसांशी कसा वागतो, हे मोजायला तिच्याकडे संहिताच नाही. केरळने २००० पासून स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा ओम्बड्समन ठेवला आहे. तोही मुख्यतः गैरकारभाराकडे पाहतो, तरी ग्रामपंचायतीच्या माणसासाठी वेगळे दार हवे, एवढे तरी त्या राज्याला पटले.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. स्थानिक संस्थांच्या प्रत्येक सदस्यासाठी एक छोटी, मराठीत लिहिलेली वर्तनसंहिता असावी. पद स्वीकारताना तिच्यावर सही घ्यावी. तक्रार जिल्ह्याबाहेरच्या स्वतंत्र कार्यालयाकडे जावी आणि तोंडी तक्रार लिहून घेण्याची सोय तिथे असावी. तपास एकाने करावा, निवाडा दुसऱ्याने, आणि मंत्र्याचा त्यात हात नसावा. शिक्षेला समज, निलंबन, अपात्रता अशा पायऱ्या असाव्यात. राजकीय टीकेला स्पष्ट संरक्षण असावे. तक्रार बंद केली तर कारण लेखी द्यावे आणि तक्रारदारालाही त्यावर दुसऱ्या कुणाकडे दाद मागता यावी. वेल्सने जे केले नाही ते आपण करू. वेल्सने २०२१ च्या कायद्याने कौन्सिलमधल्या पक्षगटांच्या नेत्यांवर आपल्या सदस्यांचे वर्तन नीट राखण्यासाठी पावले उचलण्याची जबाबदारी टाकली आहे. आपल्याकडच्या गटनेत्यांवरही ती टाका. व्हिप काढायला ते तत्पर असतात, कान धरायलाही तत्पर होतील.

हे फक्त मुसलमानांचे काम नाही. सभागृहात पतीच्या नावाने हिणवली जाणारी सरपंचबाई, ‘कोट्यातून आलेला’ म्हणून हसला जाणारा दलित सदस्य, भर बाजारात शिव्या खाणारा सफाई कर्मचारी, हे सगळे याच दाराची वाट पाहत आहेत. आपण अल्पसंख्य आहोत म्हणून आपल्याला हे दार लवकर दिसले, इतकेच. तेव्हा पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो आपल्या मोहल्ल्यातला असो की समोरच्या, रस्ता-गटार-नळासोबत आणखी एक प्रश्न विचारा : तुम्ही चुकीचे वागलात तर मी तक्रार कुणाकडे करायची? ज्याला या प्रश्नाचा राग येईल, त्याच्याबद्दल आपल्याला मतदानाआधीच पुरेसे कळलेले असेल.